ट्रंकेतली स्टेडियमं : वाचकांचे प्रश्न

गणपतीची साफसफाई झाली की माझ्याकडे फोटो यायला लागतात. चाकरमानी गावी आलेले असतात, माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली कुठल्या तरी भरगच्च मैदानाचा पिवळा पडलेला फोटो सापडतो. ज्यांनी तो जपला ते आता नाहीत, आणि जे आहेत त्यांची मतं मात्र ठाम आहेत. यंदाच्या ढिगातले काही प्रश्न घेतो.

आजोबा मुंबईत पोस्टात होते. फोटोत सिमेंटच्या गॅलऱ्या, खच्चून गर्दी आणि मोठा स्कोअरबोर्ड आहे. भिंगातून ३५५ आणि त्याच्याजवळ ८ एवढंच वाचता येतं. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने १-४-० लिहिलंय. मामा म्हणतो वानखेडे, काका म्हणतो ब्रेबॉर्न. (वेंगुर्ला)

काका जिंकले. आणि ते जिंकले त्या पेन्सिलीमुळे. १-४-० म्हणजे एक रुपया चार आणे शून्य पै, फोटोची किंमत. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्यानंतर काही दिवस लोक तोंडाने आणे म्हणत राहिले हे खरं, पण हिशेब असा तीन घरांत लिहिणं हळूहळू बंदच झालं. वानखेडेवर पहिली कसोटी झाली जानेवारी १९७५ मध्ये. मामांना सांगा, आजोबांनी पंधरा-वीस वर्षं आधी जाऊन तिथे फोटो काढला असता तर त्यांना हॉकीवाल्यांच्या शेजारची मोकळी जागा दिसली असती.

म्हणजे सिमेंटच्या गॅलऱ्यांचं, १९५७ च्या आधीचं, मुंबईतलं क्रिकेटचं मैदान. तसं ब्रेबॉर्नच. बॅकबेच्या भरावावर बांधलेलं, १९३७ मध्ये उघडलेलं. त्याआधीची मोठी क्रिकेट मुंबईत जिमखान्यावर व्हायची; डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी तिथेच झाली आणि लाला अमरनाथांनी ११८ काढल्या. पण तिथे प्रेक्षक तंबूंत आणि तात्पुरत्या बाकांवर असत आणि मागे उतरत्या छपराचं पॅव्हेलियन असे. तुमच्या फोटोत तसलं काही नाही.

आता तो आकडा. ३५५ वर ८ वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो हे कबूल करतो. फेब्रुवारी १९४९, वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी, ब्रेबॉर्न. भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या. विजय हजारेंनी १२२ काढल्या, दत्तू फडकर ३७ वर नाबाद राहिले, वेळ संपली आणि भारत ८ बाद ३५५ वर थांबला. सहा धावा कमी. कसोटी जिंकणं म्हणजे काय हे भारताने तोवर पाहिलंच नव्हतं. ते पुढे १९५२ मध्ये मद्रासला झालं. तुमचे आजोबा कदाचित त्या सहा धावांच्या समोर बसले होते.

कदाचित. कारण ८ बाद ३५५ हा धावफलक रणजीच्या एखाद्या सामन्यातही लागू शकतो. म्हणून एक काम करा. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि स्कोअरबोर्डवर जिथे आधीच्या डावांचे आकडे दिसतात तिथे बघा. त्या सामन्याचे आधीचे डाव होते २८६, १९३ आणि २६७. यातला एकही आकडा ओळखता आला तर मला फोन न करता थेट फ्रेम करून घ्या.

आमच्याकडे एक फोटो आहे. गोल, खोलगट, पायऱ्या-पायऱ्यांचं मैदान, सगळीकडे फेटे, मध्ये मोकळी माती. पणजोबा कधी परदेशात गेल्याचं ऐकिवात नाही, पण घरातली मुलं म्हणतात हे रोममधलं आहे. (राजापूर)

मुलं अगदीच चुकलेली नाहीत. हे कोल्हापूरचं खासबाग मैदान. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि कुस्तीसाठी तसं काही आपल्याकडे असावं हे त्यांच्या मनाने घेतलं. १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. 'उभं राहिलं' हा शब्दही चुकीचाच, कारण ते जमिनीत उतरलेलं आहे. मध्ये हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. मध्ये एक खांब नाही, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट कुणी काढला ते दिसतं.

फोटोच्या कडेला एखादी उंच, लांबट इमारत दिसते का बघा. खासबागेला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झालं, ज्याला आपण आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. ती इमारत फोटोत असेल तर फोटो १९१५ नंतरचा. नसेल तर घाई करू नका, कॅमेरा दुसऱ्या बाजूला तोंड करून असू शकतो. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते नाट्यगृह जळालं. त्यामुळे त्या इमारतीची जुनी बाजू नीट दिसणारा फोटो आता नुसती घरातली आठवण राहिलेला नाही. त्याची एक चांगली प्रत कोल्हापूरला पोचवा.

राजापूरहून अणुस्कुऱ्याचा घाट चढून माणूस कुस्त्या बघायला कोल्हापूरला जायचा, यात मला तरी नवल वाटत नाही. मुंबईपेक्षा ते जवळ.

आजा जहाजावर होता. त्याच्या पेटीत पोस्टकार्डासारखा फोटो आहे. हिरवळ, झाडं, डोंगरासारखा उंचवटा, त्यावर लोक आणि काळ्या रंगाचा भलामोठा फळा. मागे दोन सुळक्यांचं चर्च. मजकूर काही नाही. (दाभोळ)

अशी कार्डं आपल्या किनाऱ्यावर जितकी आहेत तितकी घाटावर सापडणार नाहीत. खलाशी बंदराला लागले की दोन गोष्टी घ्यायचे, साबण आणि पोस्टकार्ड. साबण संपले.

तुमचं मैदान ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड ओव्हल. उंचवटा, त्यावरचा धावफलक आणि पाठीमागे सेंट पीटर्स कॅथेड्रलचे जुळे सुळके, हे तिन्ही एका चौकटीत दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. तो फळा १९११ चा आहे आणि अजून तिथेच आहे. त्यामुळे फळ्यावरून मैदान ओळखता येतं, पण साल ओळखता येत नाही. फोटो १९११ च्या आधीचा नाही, एवढंच.

परदेशी मैदानांच्या बाबतीत मी आधी खेळाकडे बघतच नाही. खेळाडू सगळीकडे पांढऱ्या कपड्यांत आणि सगळीकडे मुंगीएवढे. पाठीमागे काय आहे ते बघायचं. डोंगर कापल्यासारखा सपाट असेल तर केपटाउनचं न्यूलँड्स. गॅसच्या टाकीचा लोखंडी सांगाडा असेल तर लंडनचं ओव्हल. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा दाढीवाला म्हातारा यष्ट्यांवर वाकलेला असेल तर लॉर्ड्स, आणि तो १९२६ नंतरचा, कारण म्हातारा तिथे बसला त्या वर्षी.

जानेवारी १९४८ मध्ये भारताचा संघ ॲडलेडला खेळला होता आणि हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली होती. आजा त्या वेळी तिथे होता असं घरात सांगायचा मोह होईल. त्याआधी त्याची नळी काढा. खलाशाच्या त्या नोंदवहीत जहाजाचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख असते. तारखा जुळल्या तर गोष्ट सांगा.

गुगल लेन्स म्हणतं ईडन गार्डन्स. मला मागे राजाबाई टॉवर दिसतोय. पण मुंबईत जाऊन तिथे उभा राहिलो तर काहीच जुळेना. (अलिबाग)

फोटो उलटा छापलाय. निगेटिव्ह पालथी पडली की असं होतं.

ओव्हल मैदानात पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की राजाबाई टॉवरच्या डाव्या हाताला हायकोर्ट येतं. तुमच्या फोटोत ते उजवीकडे आहे. शंका असेल तर समोरच्या रांगेतल्या माणसांचे शर्ट बघा. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. तुमच्या फोटोत सगळ्यांची उजवी पट्टी वर आहे. डावीकडून तिसऱ्या बाईंचा पदरही उजव्या खांद्यावर आहे. एवढी माणसं एकाच दिवशी चुकीचे कपडे घालून मॅचला येत नाहीत. आणि तुम्ही लिहिलंय की 'दोन्ही बॅट्समन डावखुरे दिसतात', तेही त्यातच आलं.

मोबाइलमध्ये आडवा पलटवा, सगळं जागेवर येईल. आणि हे स्टेडियम नाहीच. ओव्हल हे उघडं मैदान आहे, लोक कडेने बसलेत म्हणून तसं भासतं. लेन्सला हिरवळ आणि गर्दी दिसली की तो बिचारा कोलकात्याला जातो.

लाकडी गॅलरी, वर कनाती, पताका, मध्ये कबड्डीचा डाव. मागे माड. कुठलं स्टेडियम असेल? (देवगड)

कुठलंच नाही. बांबू, बल्ल्या आणि फळ्यांची गॅलरी चार दिवसांसाठी उभी करतात आणि पाचव्या दिवशी मंडपवाला ती घेऊन जातो. फळ्यांच्या टोकांकडे बघा, एक पुढे, एक मागे. पक्क्या बांधकामात असं चालत नाही. आपल्याकडे पक्कं म्हणजे जांभा, आणि जांभ्याच्या पायऱ्या असत्या तर त्या काळ्यापांढऱ्या फोटोतही भोकाभोकांच्या दिसल्या असत्या.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण एकदा तोंडावर पडलोय. काही वर्षांपूर्वी असाच एक कनातींचा फोटो घेऊन मी एका घरात तासभर मुंबईच्या जिमखान्यावर बोललो, १८७५ पासून. कोपऱ्यात वाल सोलत बसलेल्या आजींनी शेवटी विचारलं, "तो टोपीवाला दिसतो ना, त्याच्या मागे विहिरीचा रहाट कसला मग?" रहाट होता. त्यांच्याच शाळेमागची विहीर. तेव्हापासून मी फोटो आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे देतो आणि स्वतः गप्प बसतो. तुम्हीही गावातल्या कुणाला तरी माडांची ती रांग दाखवा. मैदानाचं नाव तिथेच मिळेल.

२०२१ च्या पुरात अल्बम भिजला. एका स्टेडियमचा फोटो काचेला चिकटलाय, समोरचं अर्धं चित्र गेलंय. आता काही ओळखता येईल का? (चिपळूण)

ओढू नका. सुकून काचेला धरलेला फोटो ओढला की चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकटच, वरून दिव्याची तिरीप येणार नाही अशा बेताने त्याचा फोटो काढा. सोडवायचाच असेल तर कागद-संवर्धन करणाऱ्याकडे द्या. लॅमिनेशन तर मुळीच नको. बाकीचे फोटो कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात त्या पुड्या बदलत राहा.

काचेमागचा पुठ्ठा मात्र हळूच काढा आणि फोटोची पाठ वाचा. समोरचं चित्र गेलं तरी पाठीवर बऱ्याचदा साल बसलेलं असतं. स्टुडिओच्या पत्त्यात पिनकोड असेल तर फोटो किंवा निदान तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. 'जि. कुलाबा' असेल तर साधारण १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, त्यामुळे 'मालवण, जि. रत्नागिरी' असं दिसलं तरी तोच हिशेब लावा. पाठ नीट वाचता आली की तिचा फोटो पाठवा. समोरचं उरलेलं अर्धं आपण त्यानंतर बघू.