पेंढा दळला तरी पेंढाच

प्रश्न : ताई, आमच्या तळ्यात कार्प जातीचे मासे आहेत. विकतच्या खाद्याचा खर्च झेपत नाही. घरी भाताचा पेंढा, तूस, कोंडा आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडून आहेत. सगळं बारीक दळून खाद्यात मिसळलं तर चालेल का?

उत्तर : तुमची तगमग मला समजते. मत्स्यपालनाच्या चालू खर्चात निम्म्याहून अधिक वाटा बहुतेक वेळा खाद्याचाच असतो. पण तुम्ही एका दमात लिहिलेल्या चार वस्तूंपैकी खाद्य म्हणावं असा एकटा कोंडा आहे. बाकी तिन्ही बाजूला ठेवा.

मीही हे करून बसले आहे. पहिल्या वर्षी मी पेंढा पिठासारखा दळून एक चतुर्थांश मिसळला. माशांनी तो खाल्ला, म्हणून मी निश्चिंत! महिन्याने जाळं टाकून वजन केलं तर वाढ नावालाच. त्यात एके दिवशी पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळताना दिसले. न पचलेला चोथा विष्ठेतून तळाशी साचला होता, कुजत होता आणि रात्रीचा प्राणवायू खात होता. गाय पेंढ्यावर जगते ती पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. कार्पला तशी सोय नाही, त्याला जठरसुद्धा नसतं. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ५ टक्के, आणि वाढत्या कार्पला लागतात २८-३० टक्के. दळल्याने कण लहान होतो, प्रथिनं वाढत नाहीत. तूस आणि टरफलांचंही तेच.

कोंडा मात्र जरूर वापरा. त्यात १२ ते १५ टक्के प्रथिनं असतात, शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५. दोन्ही समान वजनाने घेतली की मिश्रण २८ च्या आसपास जातं. ताज्या कोंड्यात तेल भरपूर असतं, त्यामुळे तो काही दिवसांतच खवट होतो. लागेल तेवढाच आणा, किंवा तेल काढलेला घ्या. तो टिकतो.

आता बुरशीचं. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. पेंडीला किंवा कोंड्याला ओल लागली, कुबट वास आला, की ते पोतं तळ्याकडे न्यायचंच नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या संवर्धन केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली सरकी पेंड. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळूनही जात नाही. म्हणून ‘शिजवून घालू’ ही पळवाट नको.

आणि स्वस्त म्हणजे किती, ते पोत्यावरून ठरवू नका. समजा, नवं खाद्य ३० टक्क्यांनी स्वस्त पडलं. पण आधी एक किलो मासा वाढायला दीड किलो खाद्य लागत होतं, आता अडीच किलो लागतंय. तर तुमचा खर्च उलट वाढला. आधी एका हाप्यात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) थोडी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून हे मिश्रण द्या, शेजारच्या हाप्यात नेहमीचं. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडची वजनं आणि घातलेलं खाद्य वहीत लिहा. दोन महिन्यांचे आकडे पाठवा, कोंडा वाढवायचा की पेंड ते त्यावरून सांगते.