मालदीव : रिसॉर्ट नको, गावचं बेट बघा

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी चार रात्रींसाठी मालदीवला जायचं म्हणतोय. रिसॉर्टचे दर बघून छाती दडपते. तिथे राबणाऱ्यांच्या हाती फार थोडं पडतं, असंही ऐकतो. खर्च आवाक्यात राहून पैसा तिथल्या माणसांपर्यंत पोचेल असा काही मार्ग आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. रिसॉर्टऐवजी लोकवस्तीच्या बेटावर, गेस्टहाउसमध्ये उतरा. 1972 पासून तिथे पर्यटन वाढलं ते निर्मनुष्य बेटांवर. पाहुणे एकीकडे, गावं दुसरीकडे. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाली ती 2009 च्या सुमारास. तेव्हा कुठे गावातल्या घरांना, दुकानांना पाहुण्यांचा पैसा दिसू लागला.

आधी बिल समजून घ्या. दरापुढे दोन अधिकचिन्हं (++) असली की 100 डॉलरवर 10 टक्के सेवाशुल्क, मग त्या 110 वर 17 टक्के कर; म्हणजे 128.70 डॉलर. त्यावर हरित कर वेगळा : रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री 12 डॉलर, 50 खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसात 6. तिघांचे चार रात्रींचे 144 की 72, एवढा फरक नुसत्या या करात पडतो.

सेवाशुल्क कर्मचाऱ्यांत वाटायचं असतं, पण स्पीडबोटीवर सामान चढवणारा, रस्ता झाडणारा त्यात येत नाही. हे काम करणारे बरेचजण बांगलादेशी मजूर. रुफिया या तिथल्या चलनाच्या सुट्या नोटा जवळ ठेवा आणि थेट त्यांच्या हातात द्या.

पहिल्यांदा जाताय तर माफुशी हे लोकवस्तीचं बेट सोयीचं. विमानतळाच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोचता. सरकारी फेरीबोट खूप स्वस्त, पण ती राजधानी माले शहरातून सुटते, वेळ जास्त घेते आणि शुक्रवारी बहुधा बंद असते. विमान शुक्रवारी उतरत असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. इमुगा या मालदीव सरकारच्या संकेतस्थळावरचा प्रवासी अर्ज प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

मे महिन्याचं मात्र नीट ठरवा. तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, बोट लाटांवर आपटते. पुढची बाक सर्वांत जास्त उडते, म्हणून मुलीला मागे बसवा. जमलं तर एप्रिलअखेरीस जा.

बिकिनी फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर. गावात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दारू वस्तीच्या बेटावर मिळत नाही. स्नॉर्केलिंगला पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, नाहीतर तासाभरात पाठ भाजून निघते. प्रवाळावर पाय टेकू नका. टेकाल तिथे ते मोडतं.

नाश्त्याला मास हुनी खाऊन बघा : ट्यूना, खोवलेलं नारळ, कांदा, मिरची, लिंबू हाताने कुस्करून, सोबत आपल्या पोळीसारखी रोशी. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगा. साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचे तुकडे असतात.