'चिल' : शब्द एकच, वापर चार ठिकाणी

दादा, पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्याने 'चिलिंग इंज्युरी होईल', म्हणजे थंडीने फळाला इजा होईल, असं म्हणत तुमची केळी द्राक्षांच्या खोलीत ठेवायला नकार दिला. बातम्यांत 'विंड चिल' ऐकू येतं आणि मुलगा 'पप्पा, चिल' म्हणतो. हा शब्द एकच का, असं तुम्ही विचारलंत. हो, एकच.

जुन्या इंग्रजीत तो 'चिएले' असा होता, अर्थ थंडी. १४०० च्या सुमारास 'कोल्ड'ने त्याची जागा घेतली आणि नाम मागे पडलं. क्रियापद तेवढं टिकलं. पुढे त्यावरूनच नाम पुन्हा रूढ झालं. म्हणून आजही 'चिल' म्हटलं की अंगात शिरणारा गारठा डोळ्यांपुढे येतो. ताप चढताना भरणारी हुडहुडी 'चिल', भीतीने पाठीतून जाणारी शिरशिरीही 'चिल'. 'कूल' आणि 'कोल्ड' ही त्याची सख्खी भावंडं. लॅटिनमार्गे आलेली 'जेली' आणि 'ग्लेशियर' ही त्याच मूळ धातूची चुलत घराणी.

'विंड चिल' म्हणजे वाऱ्यामुळे अधिक जाणवणारी थंडी. तिच्यामागे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांचं काम आहे. अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठतं, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष १९४५ मध्ये छापून आले. निफाडला पारा तेवढाच असतो, पण पहाटे मोटारसायकलवर निघालं की कान बधिर होतात, ते याचमुळे. वारा अंगाची ऊब ओढून नेतो.

कायद्यात भीतीने लोक बोलायचेच थांबले, तर त्याला 'चिलिंग इफेक्ट' म्हणतात. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयानेही तो विचारात घेतला. मुलाचा 'चिल' अमेरिकी बोलीतला, १९७० च्या दशकाअखेरचा. आपण 'डोकं थंड ठेव' म्हणतो तसाच. त्यात उद्धटपणा नाही.

आता केळ्यांचं. बागेत दव गोठून पानं करपतात, तो 'फ्रॉस्ट'. 'चिलिंग इंज्युरी'ला काही गोठावं लागत नाही. केळं साधारण १३ अंशांखाली राहिलं की पेशींची पटलं बिघडतात, साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. द्राक्ष शून्य अंशाजवळही उत्तम टिकतं. कोल्ड स्टोरेजवाला बरोबर सांगतोय. केळ्यांना वेगळी खोलीच मागा.