अळंबी, भूछत्र आणि कुत्र्याची छत्री

प्रश्न असा आला आहे: 'खाण्याजोगी ती अळंबी आणि विषारी ती कुत्र्याची छत्री, असं लहानपणापासून ऐकलंय. हा फरक बरोबर आहे का? मग भूछत्र कशाला म्हणायचं? रानात फिरताना दिसलं तर यातलं कोणतं नाव देऊ? आणि जाता जाता, एक अळंबी की एक अळंबं?'

बोलण्यातला फरक तुम्ही ऐकलात तसाच आहे. 'अळंबी' म्हटलं की ऐकणारा विचारतो, 'कुठे सापडली?' 'कुत्र्याची छत्री' म्हटलं की तो बघायलासुद्धा थांबत नाही. घोटाळा पुढे आहे. ही दोन्ही नावं त्या वस्तूबद्दल फारसं काही सांगतच नाहीत. आपण तिचं काय करणार, एवढंच सांगतात. म्हणजे नाव दिसत असलं तरी तो खरा निकाल आहे, आणि तोही पुरावा तपासायच्या आधीच लावलेला. जाणत्याच्या तोंडी जी अळंबी, तीच अजाणत्याच्या तोंडी कुत्र्याची छत्री असू शकते. त्यामुळे रानात उभं राहून 'ही अळंबी की कुत्र्याची छत्री?' असं विचारलं, तर आपण 'ही खाऊ का?' एवढंच वेगळ्या शब्दांत विचारलेलं असतं.

कुत्रा बिचारा यात उगाच गोवला गेला आहे. हिंदीत तर 'कुकुरमुत्ता' म्हणून थेट त्याच्या मुतण्याशीच नातं जोडलंय. बंगालीत छत्री बेडकाची आहे, आणि इंग्रजीतही विषारी भूछत्राला 'टोडस्टूल', म्हणजे भेकाचं (बेडकाच्या भावंडाचं) स्टूल म्हणतात. जे माणसाच्या कामाचं नाही ते जनावराच्या नावावर टाकायचं, ही खोड बऱ्याच भाषांना दिसते. मराठीत 'रान' लावलं की निदान नातं टिकतं: रानतुळस ही तुळशीची कुणीतरी लागतेच. 'कुत्र्याची' म्हटलं की घराबाहेर.

'भूछत्र' हा शब्द त्या मानाने निःपक्षपाती आहे. भुईतून आलेलं छत्र, बस्स. खाण्याचं की विषाचं, यावर तो काही बोलत नाही, म्हणून ओळख पटेपर्यंत मी तोच वापरतो. मर्यादा एवढीच की त्यात छत्री गृहीत आहे. चेंडूसारखी गोल, पेल्यासारखी खोलगट, झाडाच्या खोडाला फळीसारखी चिकटलेली, असल्या मंडळींना तो ताणूनच लावावा लागतो. 'कवक' या सगळ्यांना पोटात घेतो, शिवाय भाकरीवरच्या बुरशीला आणि यीस्टलाही. गंमत म्हणजे जुन्या संस्कृतात कवक म्हणजे भूछत्रच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या रांगेत 'कवकानि' बसवली आहेत, ती याच अर्थाने. पाठ्यपुस्तकांनी पुढे तो शब्द बुरश्यांच्या अख्ख्या सृष्टीला देऊन टाकला.

पण तुमच्या प्रश्नातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा शब्द वेगळाच आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही: ओळखणे. मराठीत आपण मित्राला ओळखतो आणि अनोळखी माणसाची ओळख पटवतो. मित्र पाठमोरा असला तरी चालीवरून कळतो. अनोळखी माणसाचे मात्र कागद बघावे लागतात, एकेक खूण ताडून. भूछत्रांच्या बाबतीत बहुतेक अपघात या दोन क्रियापदांची सरमिसळ झाल्याने होतात. माणूस एका जातीला खरोखर ओळखत असतो, वर्षानुवर्षं, एका जागी. मग दुसरीकडे तसंच काहीतरी दिसतं आणि तो तिलाही 'ओळखतो'. कागद बघायचे राहून जातात.

हे कागद पहिल्या नजरेला दिसत नाहीत, हीच खरी अडचण. डोळ्यात भरतो तो टोपीचा रंग, आणि तोच सगळ्यात बेभरवशाचा. उन्हाने तो उडतो, पावसाने धुतला जातो. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं चित्रातलं भूछत्र घ्या. ते ठिपके म्हणजे कोवळेपणी अंगभर असलेल्या आवरणाचे उरलेले तुकडे, जोराच्या पावसात ते गळून जातात. सकाळी बटणासारखं दिसलेलं दुसऱ्या दिवशी ताटासारखं पसरतं आणि तिसऱ्या दिवशी चिखल होतं. एकाच जातीचे हे तीन चेहरे शेजारीशेजारी दिसले, तर तीन जाती वाटाव्यात.

भरवशाच्या खुणा खाली दडलेल्या असतात. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे असतात ते कल्ले, माशाचाच शब्द इथे चपखल बसतो. काहींना कल्ल्यांऐवजी बारीक छिद्रं असतात. दांड्याला कधी कडं असतं, आणि बुडाशी कधी पिशवी. या पिशवीपायी जीव गेले आहेत. अमानिटा फॅलॉइडीस हे जगातल्या सर्वांत घातक भूछत्रांपैकी एक. हिरवट टोपी, पांढरे कल्ले, दांड्याला कडं आणि तळाला पिशवी. ही पिशवी मातीत असते. फुलासारखं वरच्यावर खुडलं तर ती जमिनीतच राहते आणि हातात येतं एक सोज्वळ, पांढऱ्या कल्ल्यांचं भूछत्र. याचं विष शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायलाच साधारण 6 ते 12 तास किंवा त्याहून जास्त लागतात, मग मध्ये थोडं बरं वाटतं, आणि तोवर यकृताचं नुकसान चालू झालेलं असतं. म्हणून भूछत्र खुडू नये, मुळासकट उकरावं. अंड्यासारखं गोल दिसलं तर उभं चिरावं. आत टोपी-दांड्याची पुसट आकृती दिसली, तर तो निरुपद्रवी गोळा नाही, छत्री व्हायची बाकी असलेलं अमानिटा असू शकतं.

आणि ठसा. टोपी दांड्यापासून कापायची, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर कल्ले खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. रात्रभरात बीजाणू, म्हणजे त्याची बियांसारखी बारीक भुकटी, गळून कागदावर चक्राची नक्षी उमटते, आणि महत्त्वाचा असतो तो तिचा रंग. अमानिटाचा पांढरा, बटण मशरूमच्या गोतावळ्याचा चॉकलेटी, वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस याने 1821 पासून कल्लेवाल्यांची वर्गवारी मांडली ती मुख्यतः या रंगावर. मी स्वतः एकदा मोठ्या खवलेदार टोपीचं, पांढऱ्या कल्ल्यांचं भूछत्र आणून सोबतच्यांना त्याचं नाव छातीठोकपणे सांगितलं होतं. सकाळी वाटी उचलली तर कागदावर शेवाळी हिरवी नक्षी. हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, लोकांना ओकाऱ्या करायला लावण्यात प्रसिद्ध. त्याचे कल्ले बरेच दिवस पांढरेच राहतात. मी 'ओळखलं' होतं, ओळख पटवली नव्हती.

ठशानेही भागत नाही तेव्हा सूक्ष्मदर्शक, आणि त्याखालीही दोन जाती सारख्या दिसल्या तर डीएनए. बुरश्यांसाठी डीएनएचा ठरावीक तुकडा ओळखखूण म्हणून 2012 मध्ये सुचवला गेला. आजवर सुमारे दीड लाख जातींना नावं मिळाली आहेत आणि 2017 चा एक अंदाज एकूण जाती 22 ते 38 लाख असाव्यात असं सांगतो. म्हणजे रानात समोर आलेल्याला अजून नावच नसणं, हेही अगदी शक्य आहे.

राहिल्या त्या घरगुती परीक्षा: चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लं असेल तर चांगलं, टोपीचं साल सहज निघालं तर चांगलं. सगळ्या खोट्या. त्यांच्यात 'कुत्र्याची छत्री' या नावासारखीच चूक आहे. 'विषारी' नावाची कुठली जात नसते, मग तिची एक खूण कुठून असणार?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मूळ रूप नपुंसकलिंगी: ते अळंबं, ती अळंबी, जसं ते केळं, ती केळी. पण ही उगवतात घोळक्याने, त्यामुळे अनेकवचनच जास्त कानावर पडतं. त्यातून 'ती अळंबी' स्त्रीलिंगी एकवचन झाली आणि 'अळंब्या' असं नवं अनेकवचनही निघालं. दोन्ही चालतात. मी एकाला 'अळंबं' म्हणतो, आणि त्याला कारण केळ्याचंच आहे. केळ हे झाड, केळं हे फळ. अळंब्याचंही तसंच, आपल्याला दिसतं ते फक्त फळ. खरा जीव मातीत किंवा लाकडात तंतूंचं जाळं पसरून बसलेला असतो, तो स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी हे ठरवायची वेळ सहसा कुणावर येत नाही.