रिसोर्स शेअरिंग : सामायिक, वाटप की सावड?

अभियांत्रिकीच्या टिपणांचं मराठी करणाऱ्या एका प्राध्यापिकेनं विचारलं आहे : ‘‘वेगवेगळ्या ठिकाणचे संगणक जोडून त्यांची ताकद एकमेकांना वापरू देणं, यासाठी मी ‘संसाधनांचे सामायिकीकरण’ असं लिहिलं आहे. ते बरोबर आहे का? पुढे त्याच प्रकरणात सामाजिक पद्धती आणि आर्थिक पद्धती असे दोन भाग येतात. दोन्हीकडे हाच शब्द चालेल का?’’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही चालणार. आणि त्याचं कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

‘सामायिक’ हा मराठीत मालकीचा शब्द आहे. सामायिक विहीर, सामायिक भिंत, सातबाऱ्यावरचं सामायिक क्षेत्र. वस्तू एक, मालक अनेक. संगणकांच्या जाळ्यात बरोबर याच्या उलट असतं. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या महाप्रवेगकातून (कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रातून) निघणारी माहिती जगभरातल्या संगणक केंद्रांत वाटून तपासली जाते. त्यांत मुंबईचं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, कोलकात्याचंही आहे. मुंबईची यंत्रं या कामाला लागली म्हणून ती सर्नच्या मालकीची होत नाहीत. अमुक इतकी क्षमता आम्ही देऊ, असा शब्द प्रत्येक केंद्र देतं आणि तो पाळतं. मालकी जागच्या जागी राहते, फिरतो तो फक्त वापर.

‘वाटप’ वरून खाली होतं : धान्याचं वाटप, मदतीचं वाटप. ‘वाटणी’ झाली की चुली वेगळ्या होतात, म्हणजे तो तर जोडण्याचा नव्हे, तोडण्याचा शब्द. ‘सहभाजन’ कोशात शोभेल, पण वर्गात मुलं तो लिहून घेतील आणि विसरतील.

मला इथे हवा आहे तो शब्द ‘सावड’.

माझ्या आजोळी मामांकडे एकच बैल होता आणि शेजारच्या नानांकडे एक. एका बैलानं नांगरट होत नाही. म्हणून पाऊस उघडला की दोन्ही बैल एका जुवाला लागत, आज मामांच्या रानात, उद्या नानांच्या. संध्याकाळी जू उतरलं की मामांचा बैल मामांच्या दावणीला आणि नानांचा नानांच्या. एकमेकांच्या बैलाला वैरण मात्र कामाच्या दिवशी ज्याचं रान त्यानंच घालायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मामी सकाळी कडब्याची पेंढी सोडताना ‘आज दोघांची सोडते’ म्हणायच्या, तेव्हा कुणाची पाळी आहे ते सगळ्या घराला कळायचं.

यालाच सावड म्हणतात. मालकी वेगळी, वापर एकत्र, आणि फेड कामानंच. कुठे याला पैरा म्हणतात, कुठे वारंगुळा. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरी यातला एखादा शब्द अजून जिवंत असेल, तो त्यांना विचारा. ‘अस्थी सावडणे’ची आठवण होईल म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ‘सावड करणे’ आणि ‘सावडणे’ यांचा वापर इतका वेगळा आहे की वाक्यात घोटाळा होत नाही.

आता सामाजिक पद्धतींकडे. इंटरनेटवर फाइली एकमेकांना देण्याघेण्याची बिटटोरंट ही प्रणाली सावडीचं चोख उदाहरण आहे. ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरनं 2001 मध्ये ती आणली. मोठ्या फाइलचे तुकडे करायचे, आणि जो मला तुकडे देतो त्याला मी देतो. कोण किती देतंय हे प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी पाहतो आणि हात आखडता घ्यायचा की मोकळा सोडायचा ते ठरवतो. या नियमाचं भाषांतर अनेक जण ‘जशास तसे’ करतात. ते करू नका. त्यात वचपा काढण्याचा सूर आहे. इथे ‘पैरा फेडणे’ म्हणा, अर्थ नेमका बसतो. त्यात आणखी एक सुंदर कलम आहे : दर तीस सेकंदांनी एक जागा कुणातरी उपऱ्याला, त्यानं काही दिलेलं नसतानाही, उघडून द्यायची. नवा आलेला देणार तरी काय, त्याच्याकडे अजून तुकडाच नाही. सावडसुद्धा अशीच सुरू होते. कुणीतरी आधी एक दिवस आपणहून दुसऱ्याच्या रानात जावं लागतं.

पण परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमला सावड म्हणता येणार नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं मे 1999 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीनं टिपलेले संकेत घरोघरच्या संगणकांवर, ते रिकामे असताना, तपासले जात. मार्च 2020 च्या अखेरीस नवं काम पाठवणं थांबलं. लाखो लोकांनी आपल्या यंत्राची सवड दिली आणि बदल्यात कुणाला यंत्रकाळ मिळाला नाही, फक्त नावापुढे केलेल्या कामाचे गुण. ही इर्जिक आहे. एकाच्या रानात गावातली अवजारं एका दिवशी उतरतात आणि यजमान जेवण घालतो, दिवसाला दिवस मोजत नाहीत. सावड आणि इर्जिक यांत मराठी शेतकरी जो फरक करतो, तोच या दोन प्रणालींमध्ये आहे, आणि इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द लागतो. मराठीत लिहिताना आपण तो फरक का पुसावा?

फुकट्यांचाही शब्द लागेल. फाइली देण्याघेण्याच्या नूटेला या जाळ्याची 2000 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा सुमारे 70 टक्के लोक एकही फाइल देत नव्हते, नुसती घेत होते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ इथे नको, कारण नागोबा मालकाला हुसकावतो. हे लोक कुणाला हुसकावत नाहीत. ‘फुकट्या’ हाच साधा शब्द पुरतो.

कुणाचं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला मी ‘पाटकरी’ म्हणेन. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत कोणाच्या वाफ्याला कधी पाणी सोडायचं हे पाटकरी बघतो. तसंच सामायिक विहिरीत आठ आणे हिस्सा असलेल्याला पाण्याच्या निम्म्या पाळ्या मिळतात. हिश्शाच्या प्रमाणात यंत्रकाळ देणाऱ्या प्रणाली हेच करतात. ‘बलुतं’ही कुणी सुचवेल. मी ते घेणार नाही. तिथे कोणी काय काम करायचं ते जन्मावरून ठरलेलं होतं, सावड मोडायची मुभा होती तशी ते मोडायची नव्हती.

आर्थिक पद्धतींत मात्र सावड आणू नका. तिथे किंमत बोलते. 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी हार्वर्डच्या पीडीपी-1 संगणकाच्या वेळेचा बाजार कसा चालतो ते लिहिलं : वापरणाऱ्यांना कामाच्या महत्त्वाप्रमाणे ‘येन’ नावाचं खोटं चलन द्यायचं आणि पुढच्या दिवसांतल्या वेळेवर त्यांनी बोली लावायची. याला ‘लिलाव’ आणि ‘बोली’ हे शब्द तयारच आहेत. ढगातला (क्लाउडमधला, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा) संगणक तासावर घेतला तर ‘भाडं’. मेलबर्नचे संगणकशास्त्रज्ञ राजकुमार बुय्या आणि सहकाऱ्यांच्या निमरॉड-जी या प्रणालीमध्ये वापरणारा फक्त मुदत आणि खर्चाची मर्यादा सांगतो, यंत्रं शोधण्याचं काम मध्यस्थ प्रोग्रॅम करतो. वापरणाऱ्याच्या बाजूनं हा व्यवहार ‘उक्त्या’ (रक्कम आधीच ठरवून दिलेल्या) कामाच्या जवळचा आहे. मध्यस्थाला ‘अडत्या’ म्हणू नका, अडत्या विकणाऱ्याचा माल विकून देतो आणि हा घेणाऱ्यासाठी फिरतो.

तेव्हा प्रकरणाचं नाव ‘संगणनशक्तीची देवघेव’ ठेवा, कारण देवघेव सावडीतही असते आणि बाजारातही. पहिल्या भागाला ‘सावड आणि इर्जिक’, दुसऱ्याला ‘भाडं, बोली आणि उक्तं’. आणि पहिल्याच पानावर ‘वितरित संगणक’ असं लिहिलं असेल तर ‘विखुरलेले संगणक’ करून टाका. ते कुणी वाटलेले नाहीत, मुळातच ठिकठिकाणी आहेत.