कॅन्सरच्या वॉर्डात पेशंटसाठी पहिल्यांदा गायला जाताय?

अगं, यमन घेऊ की भैरवी हा प्रश्न आधी बाजूला ठेव. अमुक रागाने अमुक दुखणं जातं असलं काही पेशंटला चुकूनही सांगू नकोस, आपण मॉर्फिनसारख्या दुखणं कमी करणाऱ्या औषधाच्या जागी नाही, त्याच्या सोबतीला जातो. भीती आणि अंगातला ताठरपणा जरा सैलावला की तीच कळ थोडी सोसवते, आणि हे काम लहान नाहीये.

सुरुवातीला एवढंच बघ:

- आधी नर्सला विचार, मग पेशंटला. नको म्हणाले तर हसून बाहेर यायचं.
- गाणं त्यांच्या आवडीचं. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना अभंगच ऐकवायचे, एका काकांना वाटलं आपलं संपत आलं, रडायलाच लागले. ती चूक तू करू नकोस.
- आवाज बारीक ठेव. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाने काहींच्या कानात सतत शिट्टी वाजते.
- केमोत प्रतिकारशक्ती कमी असते, हात धुऊनच जा, सर्दी असेल तर जाऊच नको.

आणि लय. माणूस कळवळत असताना एकदम संथ आलाप लावायचा नाही, त्याच्या श्वासाच्या वेगाने सुरू कर, मग हळूहळू खाली उतर. एका आजींनी कॉटचा दांडा घट्ट धरला होता, मी जात्यावरच्या ओव्या गुणगुणले, तिसऱ्या ओवीला बोटं सैल झाली आणि चौथी त्यांनीच धरली.

वीस मिनिटं पुरे. आधी आणि नंतर, ० ते १० मध्ये दुखणं किती ते विचारून नर्सला सांग. बाकीचं तुझ्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की बोलू.