मंदीच्या दिवसांत घरून साबण-क्रीमचा छोटा व्यवसाय सुरू करावा का?

तुम्ही लिहिलंय की पगार कापला गेलाय, नोकरी टिकेल याची खात्री नाही, हाताशी थोडी बचत आहे आणि फेस क्रीम, लोशन, शाम्पू, साबण, लिप बाम असं सगळं घरी बनवून विकायचा विचार आहे. मी साबण आणि बाम बनवून विकते, त्या जोरावर सांगते: जरूर सुरू करा, पण त्या यादीतल्या पहिल्या तीन नावांवर आत्ताच काट मारा. क्रीम, लोशन, शाम्पू पहिल्या वर्षी नकोच.

कारण पाणी. वस्तूत पाणी आलं की जिवाणू आणि बुरशीची सोय झाली. क्रीम वरून पांढरीशुभ्र दिसत असते, वासही छान येत असतो, आणि आत काय वाढतंय ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी योग्य प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू वाढू न देणारा पदार्थ, मोजून घालावं लागतं. फिनॉक्सिइथेनॉल हे नेहमीचं, युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. पण ते घातलं म्हणून काम संपत नाही. तुमच्या फॉर्म्युल्यात ते खरंच पुरतंय का, हे प्रयोगशाळेत मुद्दाम जंतू सोडून तपासावं लागतं, आणि फॉर्म्युला बदलला की पुन्हा. तंगीच्या काळात हा खर्च पेलणारा नाही. ‘व्हिटॅमिन ई घातलंय, टिकेल’ असं व्हिडिओत सर्रास सांगतात. व्हिटॅमिन ई तेलाचं खवट होणं लांबवतं, जंतूंचं त्याने काहीही बिघडत नाही. कोरफडीचा ताजा गर घालून ‘केमिकल-फ्री’ म्हणून विकलेली क्रीम बघितली की मला तरी धडकी भरते.

उरलं काय? लिप बाम, टाचांसाठी बाम, केसांचं तेल, साबण. साबणात पाणी असतं हे खरं, पण त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० च्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कली असल्याने जंतूंचं तिथे सहसा जमत नाही.

मला विचाराल तर बामपासून सुरुवात करा, कारण त्यात पैसा अडकत नाही. साधारण एक भाग मधमाशीचं मेण, एक भाग शिया बटर (शियाच्या बियांपासून निघणारं घट्ट तूप), दोन भाग तेल. मंद आचेवर वितळवा, डबीत ओता, गार झालं की माल तयार. हवा गरम असेल तर मेण थोडं वाढवायचं. एक डबी उन्हाच्या खिडकीत आणि एक फ्रिजमध्ये ठेवून बघा, मेणाचं माप जमलंय का ते कळायला तेवढं पुरे. सुगंध घालायचाच असेल तर अगदी कमी, आणि ओठांसाठीच्या बामात लिंबाच्या किंवा बर्गमॉटच्या (लिंबाच्या जातीचं फळ) सालीतून दाबून काढलेलं तेल नको. ऊन लागलं की त्वचा भाजू शकते.

साबणाचं गणित वेगळं. थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता केलेला साबण ४ ते ६ आठवडे फळीवर सुकवावा लागतो. म्हणजे तेलाचे पैसे आज गेले आणि येणार दीड-दोन महिन्यांनी. शिवाय चुकीला जागा नाही. १ किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा जहाल क्षार, खाण्याचा सोडा नव्हे) लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. एका तेलाचं माप दुसऱ्याला लावलं की साबण त्वचा जाळतो, नाहीतर नुसता तेलकट राहतो. म्हणून हिशोबाने निघालेल्या सोड्यापेक्षा ५ टक्के कमी घ्यायचा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं अजिबात नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि लहान मूल घरात असेल तर ते झोपल्यावरसुद्धा दार बंद.

वाईट काळातही लोक सौंदर्यप्रसाधनं घेतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. मंदीत लिपस्टिकचा खप वाढतो ही ती गोष्ट २००१ नंतर एस्टी लॉडर या प्रसाधन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष लिओनार्ड लॉडर यांच्यामुळे गाजली. तिच्यावर फार विसंबू नका. २०२० मध्ये तोंडावर मास्क आले आणि लिपस्टिकचाच खप घसरला. मला रेव्हलॉन या अमेरिकी प्रसाधन कंपनीचं उदाहरण जास्त कामाचं वाटतं. १९३२ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, दोघा भावांनी एका रसायनतज्ज्ञाला घेऊन ती कंपनी काढली तेव्हा विकायला एकच वस्तू होती: नेलपॉलिश. एकच वस्तू म्हणजे कच्चा माल थोडा, डब्या एकाच मापाच्या आणि पडून राहणारा माल कमी. शिवाय ती वापरून संपणारी हवी, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं.

डबीवरून आठवलं. किंमत ठरवताना लोक तेल-मेणाचा हिशोब करतात आणि डबी, झाकण, लेबल, पाठवणी, फुकट वाटलेले नमुने आणि स्वतःची मजुरी विसरतात. बऱ्याचदा आतल्या मालापेक्षा डबीच महाग पडते. ॲनिटा रॉडिक यांनी १९७६ मध्ये द बॉडी शॉप या प्रसाधनांच्या ब्रँडचं पहिलं दुकान काढलं तेव्हा बाटल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून गिऱ्हाइकांकडून रिकाम्या परत घेऊन भरून द्यायला सुरुवात झाली. तुम्हालाही ते जमेल, फक्त परत आलेली डबी धुऊन पूर्ण कोरडी हवी, नाहीतर पाणी मागच्या दाराने आलंच.

कायदा देशागणिक बदलतो. कुठे परवाना लागतो, कुठे नोंदणी, कुठे तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल. पहिली डबी विकण्याआधी हे विचारून घ्या. लेबलवर ‘टाचा मऊ राहतात’ चालेल, ‘भेगा बऱ्या होतात’ लिहिलंत की बहुतेक ठिकाणी ते औषध समजलं जातं. प्रत्येक बॅचला नंबर द्या आणि कुठलं तेल कधी आणलेलं होतं ते वहीत लिहा. कुणाला पुरळ उठली तर त्या बॅचच्या बाकी डब्या कुणाकडे गेल्या ते तरी कळेल. बदामासारख्या तेलांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून त्यांची नावं लेबलवर ठळक लिहा.

पहिल्या महिन्यात नातेवाईक आणि मैत्रिणी घेतील. ते प्रेमाने घेतात, त्यावरून खप मोजू नका. डबी संपल्यावर न विचारता दुसरी कोण मागतंय ते लिहून ठेवा. तशी मागणी येईपर्यंत साहित्य किरकोळ भावानेच आणा, महाग पडलं तरी चालेल. घाऊक स्वस्त म्हणून मेणाची गोणी घरात आणून बचत त्यात घालू नका, आणि नोकरी आपणहून सोडू नका.